वरून ओळखीची झाडं

सगळी बिल्डिंग तिला आत्याच म्हणते. तिचं शिवणयंत्र तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला चिकटलेलं. बॉबिन भरायला घेतली की हात यंत्रावर आणि डोळे मागच्या बागेत. असं वर्षानुवर्षं बघूनबघून ती झाडं शिकली, तीही कापडाच्या हिशेबानं. करंजाची नवी पालवी म्हणजे साटीन. कडुनिंबाची तांबूस, नुकती रंगवून वाळत घातलेली. शिरीष संध्याकाळी पानं मिटतो, दुकान आवरल्यासारखा.

"खिडकीत बसून कुणी झाडं शिकतं होय, वन्सं?" घरात वहिनी चिडवायची.

एकदा ते झोंबलं. "रविवारी सगळ्यांना बाग दाखवते! चुकले, तर पुन्हा झाडाचं नाव काढणार नाही."

रविवारी झाडून सगळे खाली जमले. "म्हणजे काय की" म्हटल्याशिवाय ज्यांचं वाक्य सुरूच होत नाही, त्या सेक्रेटरीकाकांनी पहिल्याच खोडावर थाप मारली. "म्हणजे काय की, हे कोणतं?"

आत्या बघतच राहिली. इथे नुसती खोडंच! करडी, खरबरीत, सगळी एकाच ताग्यातून कापलेली. वर पाहावं तर उजेडापुढे पानं काळीठिक्कर.

"जांभूळ," ती पुटपुटली.

वहिनीनं पायाशी पडलेली निंबोळी उचलून तिच्या तळहातावर ठेवली. "जांभूळ फारच पिवळं पडलंय हो!"

हशा पिकला. आत्याचा चेहरा पडला. मग एकाएकी तिनं पदर खोचला आणि जिन्याकडे धूम ठोकली. थोड्या वेळानं खिडकीतून धापा टाकत डोकं बाहेर आलं.

"वहिनी! जळमटं काढायचा बांबू घे, हवी ती फांदी हलव!"

वहिनीनं हलवली.

"करंज!"

दुसरी.

"शिरीष! हळू, मोडशील त्याला!"

काका पानं तपासून खालून ओरडले, "म्हणजे काय की, बरोबर!" मग प्रत्येकालाच बांबू हवा झाला. एकही नाव चुकलं नाही.

"आणि ते जांभूळ?" कुणीतरी खवचटपणे विचारलं.

"ते धरायचं नाही," वहिनीच ठणकावून म्हणाली. "कापड उलट्या बाजूनं दाखवलं होतं वन्संना."

दुसऱ्या दिवशी आत्या काजं-बटणं घेऊन बागेत, कडुनिंबाखाली स्टुलावर. एक हात खोडावर, सावकाश फिरणारा.

"आता इथे काय, वन्सं?"

"सदरे पाठ झाले गं. आता विजारी शिकतेय."