कानातला फाया

लग्न होऊन सोलापूरहून भूमला आले तेव्हा मला सगळ्यात आधी काय खटकलं असेल, तर इथल्या हवेला वासच नव्हता. सासरची माणसं कौतुकानं सांगायची, बघ, आमच्याकडं हवा किती स्वच्छ. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, एवढी स्वच्छ हवा घेऊन करायचं काय? बाजारच्या दिवशी कोथिंबीर, शेळ्या आणि भजी मिळून थोडंफार जमायचं, कधी खव्याच्या भट्टीवरून आटलेल्या दुधाचा वास यायचा. बाकी सगळं कोरडं.

मी गिरणीच्या चाळीत वाढले. सकाळी डोळ्यांआधी नाक जागं व्हायचं. सुताला लावायची खळ शिजत असायची, तिचा आंबूस, पेजेसारखा वास खिडकीतून आत यायचा. मग चिमणीचा धूर. मग नाल्याचा दर्प. आज नाल्यात लाल पाणी सोडलंय की निळं, हे मी डोळे मिटून ओळखते अशी बढाई मारायची. आणि संध्याकाळी अब्बांच्या सदऱ्याचा वास, मागाच्या तेलाचा. मागांना तेल द्यायचं त्यांचं काम होतं. ते घरी आले की मी त्यांच्या पोटाला नाक लावून उभी राहायची आणि अम्मी ओरडायची, "फ्रॉक खराब होईल गं!" पुढं अब्बांना कापड पांढरं करायच्या खात्यात टाकलं. सदऱ्याला ब्लीचिंगचा झणझणीत वास यायला लागला, माझ्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि ते नाक लावणं सुटलं.

गिरणी बंद पडली त्याला जमाना झाला. अम्मी गेल्यावर अब्बा त्याच खोलीत एकटे राहायला लागले. मागच्या थंडीत मी न कळवता गेले, तर दारातच गॅसचा वास. अब्बा शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि त्यांच्यावर भडकले. ते शांतपणे म्हणाले, "नळी जुनी झाली असंल." आमचं घरातलं बोलणं दखनी, पण इथं मी ते अब्बा चाळीत शेजाऱ्यांशी बोलायचे त्या मराठीत लिहितेय. मी नवी नळी बसवून घेतली.

त्याच वेळी अम्मीचं लोखंडी कपाट उघडायला गेले. तिची एखादी शाल मागून न्यावी, एवढंच मनात होतं. अब्बा एकदम आडवे आले.

"उघडू नको. तिचा वास जाईल."

ती गेल्यापासून त्यांनी ते कपाट उघडलंच नव्हतं. मला वाटलं, माणूस रोज त्या दाराच्या फटीला नाक लावत असेल. मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

यंदा रमजानात त्यांना भूमला आणलं, ते परत पाठवायचं नाही असं ठरवूनच. पण त्यांचं एकच पालुपद. "ईद झाली की सोलापूरची गाडी." पिशवीही त्यांनी दाराजवळच ठेवली होती. रोज मी ती आत न्यायची, रोज ती दाराजवळ यायची.

ईदच्या सकाळी ईदगाहला निघण्याआधी अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे फाया, कानाच्या खळगीत बसवतात. आमच्याकडं तो मान अब्बांचा. सोलापुरात अत्तर निवडायला मात्र ते मला न्यायचे. दुकानदार एकेक कुपी पुढं करायचा आणि अब्बा म्हणायचे, "पोरगी सांगेल ते." एवढ्याशा मुलीला एवढा मान! लग्नानंतरही मी ही गोष्ट शेजारणींना ऐकवत असे, त्यांच्या वडिलांनी असं काही केलं नव्हतं म्हणून जरा जास्तच.

माझ्या नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान आहे, एक मशीन घरीही असते. मशीनचं तेल तो अत्तराच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवतो, कारण तिच्या बारीक तोंडातून थेंब हवा तिथंच पडतो. त्या दिवशी अब्बांनी फळीवरून बाटली घेतली, कापूस भिजवला, एक फाया स्वतःच्या कानात, एक जावयाच्या कानात. मग बोटाला उरलेलं माझ्या नव्या दुपट्ट्याच्या टोकाला पुसलं. आणि मला सदरा आठवला. चाळीतली संध्याकाळ, त्यांचं पोट, अम्मीचं ओरडणं, सगळं एकदम. मी डोळे मिटून तशीच उभी राहिले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

डोळे उघडले तर दुपट्ट्यावर तेलाचा डाग.

नवऱ्याला हसू फुटायच्या बेतात होतं. मी डोळे वटारले. अब्बा टोपी नीट करत म्हणाले, "यंदाचं अत्तर लई भारी हाय. मोगरा दिसतोय."

मला मागच्या थंडीतला गॅस आठवला. नवरा शहाणा, काही न बोलता कानात तेलाचा फाया घेऊन त्यांच्यासोबत गेला. परत आल्यावर हळूच म्हणाला, "सगळ्यांनी गळाभेट घेतली. कुणी काही बोललं नाही."

दुपारी अब्बा शिरखुर्मा खात बसले होते. मी समोर बसले.

"अब्बा, तुम्हाला वास येत नाही ना?"

चमचा वाटीतच राहिला. "तू चौथीत होतीस तवापासनं. त्या खात्यात घातलं अन् वर्षभरात गेला."

"अम्मीला माहीत होतं?"

"तिच्याच नाकावर तर चाललं समदं. दूध नासलंय, भाकरी करपतीय, ती सांगायची. तुला कळू द्यायचं न्हाई म्हणाली. पोरगी धास्ती घेईल."

मला रडू आलं आणि रागही आला. ज्या वासांसाठी मी भूमच्या हवेला नावं ठेवत आले, त्याच वासांनी माझ्या बापाचं नाक खाल्लं होतं, आणि मी त्यांना बालपण म्हणत होते. अत्तराच्या दुकानातला माझा मान कसला, ते माझं नाक उसनं घेत होते. पण चेहरा पडलेला नव्हता त्यांचा. उलट सुटल्यासारखे दिसत होते.

"मग आता इथंच राहायचं," मी म्हटलं. "तिथं गॅस सुटला तर कळणारही नाही."

"न्हाई."

"कशाला हट्ट करता?"

"खोली सोडली तर कपाट उघडावं लागंल."

"अब्बा, पण तुम्हाला तर त्यातलं काहीच..."

"मला कुठं येतोय?" ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुझ्यासाठी ठिवलाय. तू येतीस ती घाईत. एकदा निवांत येशील, तवा तुला तुझी अम्मी मिळावी म्हणून. पण आत कायी राह्यलंय का, ते मला कळत न्हाई बेटा. अन् उघडून दुसऱ्या कुणाला विचारावं तर असंल नसंल तेवढंबी जायचं."

शेवटी त्यांनीच तोड काढली. "तूच चल. दोघं मिळून उघडू. तू सांग, हाय का न्हाई. मग म्हणशील तिथं राहतो."

येत्या रविवारी जायचंय. अम्मी कपाटात डांबरगोळ्या मूठमूठ टाकायची, मला ठाऊक आहे. त्यांच्याशिवाय बहुधा कशाचाच वास येणार नाही. अब्बा माझ्या तोंडाकडं बघत उभे असतील. ते मोगरा म्हणाले होते, तसंच मीही काहीतरी म्हणेन.