धाकट्याच्या वाट्याचे बाबा

माझ्या धाकट्या भावाचं कौतुक निघालं की लोक हमखास म्हणतात, "बापाची बुद्धी घेतली हो त्यानं." मी समोर असले तर मान हलवते आणि आतून जळते. सत्तरी उलटली तरी जळते, खोटं कशाला बोलू? बुद्धी आम्हा दोघांना सारखीच मिळाली असेल, पण बाप सारखा मिळाला नाही. आई तीच, घर तेच, आणि बाबाही म्हणायला तेच.

माझ्या वाट्याचे बाबा अमरावतीतले नावाजलेले वकील होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि बाबांची मोठी अपिलं नागपूरला चालत. कोर्टात म्हणे लोक त्यांचं बोलणं ऐकायला हातातली कामं टाकून उभे राहत. घरी मात्र त्यांच्या तोंडात सदा तंबाखूच्या पानाचा तोबरा. कमरेला चंची, गादीशेजारी पिकदाणी. उठायचे आठाला, तेही दोनदा हाका मारल्यावर. मग गोड मिट्ट चहा, मग पान, मग पक्षकार. मी जवळ जाऊन काही विचारलं की ते बोट वर करायचे. त्याचा अर्थ, थांब, तोंड भरलेलं आहे. मी थांबायची. पान संपेपर्यंत कोर्टाची वेळ व्हायची, नाही तर त्यांचा डोळा लागलेला असायचा. पुढे पुढे मी विचारणंच सोडून दिलं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "ही मुलगी घुमी आहे." मीही तसंच समजत होते.

मी चौथी पास होऊन घरी बसले त्या वर्षी बाबा कोर्टाच्या पायऱ्यांवर घेरी येऊन पडले. डॉक्टरांनी लघवीत साखर सांगितली. चहातली साखर बंद, तंबाखू बंद, दुपारची झोप बंद, ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी चालू, आणि रोज पहाटे उठून दोन मैल चालायचं. आईनं चंची नेऊन विहिरीत टाकली. बाबा आठ दिवस कोणाशी धड बोलले नाहीत, आणि नंतर जे बोलायला लागले ते थांबेचनात. तंबाखूची तलफ आली की तोंडाला काहीतरी चाळा हवा, म्हणून ते बोलत राहायचे.

आणि हे सगळं बोलणं कोणाच्या वाट्याला गेलं? धाकट्याच्या. रस्त्यात पुन्हा घेरी आली तर घरी सांगत यायला कोणीतरी संगं हवं, असं आईचं म्हणणं. मी दहा वर्षांची, पाणी भरायला आणि चुलीशी हाताखाली लागत होते. शिवाय मोठी होत चाललेली मुलगी रस्त्यानं कशी हिंडणार? चार वर्षांच्या पोराचा घरात काही उपयोग नव्हता, म्हणून बाबांचं बोट त्याच्या हाती आलं.

राजापेठेतून बडनेऱ्याच्या रस्त्याला ते दोघं लागायचे. मी दारात सडा टाकत त्यांच्या पाठीकडे बघायची. परत आले की धाकट्याचं तोंड चालूच. कापसाच्या किती बंड्या, म्हणजे बैलगाड्या, भेटल्या, त्यातल्या किती तीन बैलांच्या, कडुनिंबाचं पान आणि बकाणाचं पान वेगळं कसं ओळखायचं, सरकारी दगडावर मैल का लिहितात. बाबाही त्याचे प्रश्न घरभर सांगत सुटायचे. "आज काय इचारलं यानं, ऐक! म्हणे, रस्ता कुठी जाते, का आपणच जातो?" आई हसायची. मी भाकरी थापत असायची. परातीवर हात जरा जास्तच आपटायचा.

सहाव्या वर्षी तो तोंडी हिशेब करू लागला. मास्तर घरी येऊन सांगून गेले की असा मुलगा बघितला नाही. आई त्याची दृष्ट काढायची. आणि मी, मीठमोहऱ्या आणून देणारी, मनात म्हणायची की लागू दे एकदाची.

मी चौदाची झाले तेव्हा अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचे काका बघायला आले. सकाळच्या गाडीनं आलेले, गोष्टीवेल्हाळ माणूस. मी समोर बसले तेव्हा त्यांनी नाव विचारलं, इयत्ता विचारली. मग सहज म्हणाले, "आमची गाडी मूर्तिजापूरले पाऊण तास उभी राहिली. नाही तं आमी बडनेऱ्याले दहालेच उतरलो असतो. मंग सांग बाई, उतरलो किती वाजता?"

उत्तर मला येत होतं. आजही छातीवर हात ठेवून सांगते, येत होतं. पण मोठ्या माणसानं आपल्याला काही विचारावं आणि उत्तराची वाट बघत आपल्या तोंडाकडे बघावं, हे माझ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. माझी वाचाच बसली. तेवढ्यात दाराआडून धाकटा ओरडला, "पावणेअकराले!"

सगळे हसले. काकांनी त्याला जवळ ओढून पाठ थोपटली. "पोरगा लय हुशार आहे, वकीलसाहेब. अन् पोरगी गरीब आहे. आमाले असीच पायजे."

मी गप्प राहिले म्हणून मला पसंत केलं. पाहुणे गेल्यावर मी धाकट्याला मागच्या अंगणात गाठलं आणि दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. त्याच्या भोकाडानं बाबा धावत आले.

"काहून मारलं त्याले?"

"त्याच्याशी तुमी रोज बोलता," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "माह्याशी बोलले काय कधी?"

आई आतून ओरडली, "बापासमोर तोंड वर करून बोलून राहिली!" बाबांचा हात कमरेला गेला, चंची चाचपायला. चार वर्षं तिथे चंची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला हाक मारली. "चाल." आई आडवी आली. लग्न ठरलेली पोर, लोक काय म्हणतील? बाबा म्हणाले, "बापासंगं जाते ती. म्हणू दे लोकाले." धाकटा टोपी घालून तयार होता. त्याला म्हणाले, "तू आज घरी राह्य." तो उंबऱ्यावर बसून रडायला लागला. त्याचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

आम्ही नाक्याशी पोचलो. मग बाबांनी एका झाडाकडे बोट केलं. "हे कायचं झाड, सांग बरं?"

"कडुनिंब. मी चौदा वर्षांची आहे, बाबा."

ते ओशाळले. माझ्याशी काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं, कारण मला काय येतं आणि काय येत नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं. बरंच चालल्यावर मीच विचारलं, "लहानपणी मी तुमाले काय काय इचारत होती?"

बाबा थांबले. धाकट्याचा एकेक प्रश्न त्यांना तोंडपाठ होता.

"आठवत नाही, माय," ते म्हणाले. "मी तवा ऐकतच नव्हतो."

खोटं एखादं सांगितलं असतं तर चाललं असतं मला. पण वकील असून त्यांना तेवढं जमलं नाही. मी रस्त्यातच रडले. एक बंडीवाला वळून वळून बघत गेला. पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "मंग आता ऐका." आणि मी विचारत सुटले. काही उत्तरं त्यांनी दिली, काहींना "मले नाही माहीत" म्हणाले. त्या दिवशी आम्ही दोनाचे चार मैल चाललो. परतताना त्यांना दम लागला होता, तरी मी थांबले नाही.

हळदीपर्यंत मला एकोणीस सकाळी मिळाल्या. धाकट्याला, तो कॉलेजसाठी नागपूरला जाईपर्यंत, बारा वर्षं मिळाली. आता बाबा नाहीत. तो भेटला की अजून विचारतो, "ताई, त्या एकोणीस दिवसांत तुमी दोघं काय बोलत होता गं?" मोठा विद्वान माणूस, पांढऱ्या मिशा, आणि विचारताना तोंड अगदी उंबऱ्यावर बसलेल्या पोरासारखं होतं.

मी त्याला चहा करून देते. सांगत नाही.