काडीवरची खूण

दौलतमामा नसते तर मी आज मारेगावच्या एखाद्या वावरात दुसऱ्याच्या कपाशीच्या पऱ्हाटीला डवरणी देत असतो. हे मी सगळ्यांना सांगतो. पाहुण्यांना, माझ्या मुलांना, कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरांनाही. माझं जे काही झालं ते मामांमुळे झालं, हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही.

जे इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नाही, ते वेगळंच आहे. ते बायकोला ठाऊक नाही, आई गेली तरी तिला कळलं नाही, आणि मामांना तर — थांबा, तिथे मी शेवटी येणारच आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी हे बोलणं मला सोपं जातंय. हाही एक भित्रेपणाच, नाही का?

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. यवतमाळात एका डॉक्टरसाहेबांच्या जीपवर ड्रायव्हर होते. सातवी झाल्यावर त्यांनी मला मारेगावहून उचलून आणलं. दवाखान्याच्या मागे एक खोली होती, तिच्यात मामा, मामी आणि मी. आमच्या घरात तोवर कोणी दहावीची पायरी चढलेलं नव्हतं. मामांना इंग्रजी येत नसे, पण गाडीच्या सुट्या भागाचा नवा डबा आला की ते तो माझ्यापुढे धरायचे. म्हणायचे, ‘वाच.’ मी अडखळत वाचायचो आणि ते मान डोलवायचे — जसं काही मी बरोबर वाचतोय की चूक, ते त्यांना कळत होतं. इंजिनिअरिंगचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला जीपच्या पुढच्या सीटवर बसवून दत्त चौकातून फिरवलं. ती डॉक्टरसाहेबांची सीट. घरच्या कोणालाही त्यांनी तिथे कधी बसू दिलं नव्हतं.

मामांची एक सवय सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्याभोवतीच आहे. रोज सकाळी ते जीपचं बॉनेट उघडायचे, इंजिनातली तेलाची काडी ओढायचे, फडक्याने पुसून परत आत घालायचे, आणि पुन्हा ओढून उजेडाकडे धरायचे. त्या काडीवर एक खूण असते. तिथपर्यंत काडी ओली निघाली म्हणजे इंजिनात तेल पुरेसं आहे. एक दिवस चुकला नाही. मामी चिडवायची, “देवाले कोणी एवढं पाहात नसन!”

“आपण देव सोडले नं,” मामा म्हणायचे, “मंग काडीच पाहा लागते.”

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी लागत नव्हत्या, आणि शिकून बाहेर पडलेल्या पोराला नोकरी कुठून मिळणार? मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. डॉक्टरसाहेबांची जीप म्हणजे फौजेने लिलावात काढलेली जुनी पेट्रोल गाडी. आठवड्यातून एकदा ते मारेगावच्या पलीकडे डोंगरात, कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, औषधं घेऊन जायचे. त्या रस्त्यांवर दुसरी गाडी टिकत नसे, आणि या जीपचं इंजिन आता चढावर धापा टाकू लागलं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं की नागपूरच्या भंगार बाजारात जपानहून आलेली वापरलेली डिझेल इंजिनं मिळतात, चांगली मजबूत. ते बसवायला माणूस हवा होता.

“माह्या भाशाले द्या साहेब,” मामा म्हणाले. “इंजिनेर आहे तो.”

काम शहराला लागूनच, लोहाऱ्याला रफीकभाईंच्या शेडमध्ये झालं. वेल्डिंग आणि लेथ त्यांचं, डोकं माझं — असं मी तेव्हा समजत होतो. जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन जोडायला जाड प्लेट कातून घेतली, रेडिएटर पुढे सरकवला, इंजिनाचे पाय नवे केले. “जापान की भैंस अपने गोठे में बांध रहे हो इंजिनेरसाब,” रफीकभाई म्हणाले, “खूंटा तो नयाच लगेगा!” सगळं बसलं, फक्त तेलाचा चेंबर बसेना. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची परात, तिच्यात तेल साठतं. ती खोल होती आणि बरोबर तिच्याखाली जीपचा पुढचा अॅक्सल येत होता. मग ती कापून उथळ केली. चेंबरचा आकार बदलला म्हणजे काडीवरची जपानी खूण निरुपयोगी. मी मापाने तेल ओतलं, काडी घालून काढली, आणि तेल जिथे आलं तिथे कानशीने नवी खूण केली. हे मी अगदी नीट केलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो.

जीप सुरू झाली तेव्हा रफीकभाईंनी विचारलं, “दौलत, नींबू-मिरची नहीं बांधोगे?”

“माह्या भाशानं खूण केली नं काडीवर,” मामा म्हणाले. “आता लिंबू कायले पाहिजे?”

शेडमधले सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी ते खरंच म्हटलं होतं. आमच्याकडे शिक्षणावर असा विश्वास ठेवतात — शिकलेल्या पोराने काही लिहून ठेवलं, खूण करून ठेवली, की मग स्वतःच्या डोळ्यांनाही विचारायचं नाही.

पहिल्याच फेरीत खड्ड्यात अॅक्सल वर उसळला आणि चेंबरला लागला. चेंबर पुन्हा उतरवला, आणखी कापला, आणखी उथळ केला. आता काडीवरची खूण पुन्हा बदलायला हवी होती. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण दुसऱ्या दिवशी लोहाऱ्यातल्याच एका कारखान्यात माझी मुलाखत होती. त्या मालकांकडे डॉक्टरसाहेबांनी शब्द टाकला होता आणि या जीपचंच कौतुक केलं होतं. कपडे इस्त्रीला द्यायचे होते, कागद जमवायचे होते. खूण उद्या करू, म्हटलं. तेलाचा दाब दाखवणारा लाल दिवा जोडायचा होता, तोही उद्या.

तेल ओतत होते मामा. खुणेपर्यंत तेल आलं आणि ते थांबले. डबा हलवून म्हणाले, “या खेपेले कमी लागलं गा. जपानचं पोट्टं उपास करते काय?”

मीही हसलो. “काडी पाहा मामा. काडी सांगते तेच खरं.”

हे वाक्य माझं आहे. त्यावर माझी पदवी होती, म्हणून ते मामांना खरं वाटलं.

मुलाखत झाली. निरोप यायचा होता, आणि त्या धांदलीत खूण राहूनच गेली. बोरी अरबच्या बाजारापर्यंत जीपच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या. सपाट रस्ता, इंजिनाने तक्रार केली नाही. मग डॉक्टरसाहेबांचा पोडांवर जायचा दिवस आला. मामांनी सकाळी काडी पाहिली. खुणेवर तेल होतं — माझ्या खोट्या खुणेवर. लांब चढ लागल्यावर होतं तेवढं तेल मागे सरकलं, इंजिन कोरडं पडलं आणि जागच्या जागी जाम झालं. डॉक्टरसाहेब औषधांची पेटी घेऊन पायी वर गेले. कापूस टाकून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला, त्याच्यामागे दोर बांधून जीप लोहाऱ्याला आली.

इथवरची माझी चूक कोणीही माफ केली असती. मामांनी तर हसून केली असती. मी जे लपवत आलो ते याच्या पुढचं आहे.

रफीकभाईंनी चेंबरच्या तळाचा नट खोलला. तेल भांड्यात निथळलं, फारच थोडं. “बगैर तेल के चलाया क्या रे दौलत?” ते म्हणाले. मामांनी भांड्यात वाकून पाहिलं. ते आणि रफीकभाई चहाला गेले. डॉक्टरसाहेब दुपारी येणार होते. शेडमध्ये मी एकटा. मी काडी ओढली आणि पाहताक्षणी मला सगळं कळलं.

मग मी काय केलं? कानस घेतली. जुनी खूण घासून पुसली. तिच्या बरंच वर, जिथे ती असायला हवी होती तिथे, नवी खूण पाडली. ताजं लोखंड चमकू नये म्हणून तिच्यावर काळं तेल चोळलं. माझा हात अगदी स्थिर होता. तो थरथरला असता तर आज मला स्वतःबद्दल थोडं तरी बरं वाटलं असतं.

डॉक्टरसाहेब आले. रागावले नव्हते, थकलेले होते. “दौलत, निघताना काडी पाहिली होतीस?”

“पाह्यली होती साहेब. खुणेवर होतं तेल.”

डॉक्टरसाहेबांनी भांड्यातल्या तेलाकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं. “एवढं तेल या खुणेपर्यंत येईल?” त्यांनी काडी मामांच्या हातात दिली.

मामा काडी घेऊन शेडच्या दाराशी गेले, उजेडात. अंगठा त्या खुणेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. आता ते वळतील आणि माझ्याकडे पाहतील, असं मला वाटलं. वळले. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

“मंग माह्या डोयालेच दिसलं नसन साहेब,” ते म्हणाले.

मी तोंड उघडलं नाही. एक वाक्य पुरे होतं. मी उभा राहिलो.

डॉक्टरसाहेबांनी त्यांना काढलं नाही. मामांनीच किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. ‘ज्याले काडी दिसत नाही त्यानं गाडी चालवू नाही,’ असं ते मामीला म्हणाले. दवाखान्यामागची खोली सुटली. मामा-मामी मारेगावला परत गेले. तिथे एका जिनिंगच्या फाटकावर त्यांना काम मिळालं — ज्या जिनिंगमध्ये त्या वर्षी धड कापूसही येत नव्हता. ही गोष्ट त्यांच्याआधी गावात पोचली होती. पानठेल्यावर त्यांना “काय गा बिनतेल्या!” अशी हाक पडायची. मामा हात वर करून ओ द्यायचे.

आणि मला नोकरी लागली. डॉक्टरसाहेबांनी मालकांना सांगितलं, की इंजिन बसवणाऱ्याचा दोष नव्हता. जीपचं इंजिन दुरुस्त झालं, या वेळी मी दिवाही जोडला, आणि ती दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती पुढे बरीच वर्षं पोडांवर जात राहिली. माझं काम चांगलं झालं, असंच सगळे म्हणत.

अजून एक राहिलं. हे सांगणं मला खुणेपेक्षा जड जातंय. पहिला पगार झाल्यावर मी मामांना यवतमाळला आणलं आणि त्यांचे डोळे तपासून घेतले. चष्मेवाला म्हणाला, दूरची नजर उत्तम आहे, जवळचं वाचायला वयाप्रमाणे थोडा नंबर लागेल. मी चष्मा करून दिला. मामांनी तो तिथेच लावला, आरशात पाहिलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, “भाशानं डोये देले मले!” मी त्यांच्या शेजारी उभा राहून हसत होतो. तुम्ही असं हसू शकला असतात?

मामांना कळलं होतं का? रोज सकाळी जो माणूस ती काडी पुसत होता, त्याच्या अंगठ्याला खूण सरकलेली कळली नसेल? कधी वाटतं, कळली होती आणि त्यांनी मला सोडून दिलं. कधी वाटतं, खरंच त्यांनी आपल्या डोळ्यांवर अविश्वास ठेवला, कारण दुसरीकडे भाच्याचं शिक्षण होतं. यातलं कमी वाईट कोणतं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला. चष्मा फुटला होता. शेजारच्या पोराने दुसरा आणतो म्हटलं, तर ते ऐकेनात. म्हणाले, “विलासनं केला होता, तोच करून देईल.” मी फोन ठेवला आणि लिहायला बसलो. फोनवर मला जमलं नसतं. पत्र पुरं व्हायला दोन दिवस गेले. जे पाठवलं ते असं:

प्रिय मामा,

चष्मा फुटलेला आहे म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो. हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतलंत तरी चालेल. कोणापासून लपवायचं नाही.

जपानी इंजिन जाम झालं त्या सकाळी तुम्ही काडी पाहिली होती आणि तेल खुणेवर होतं. तुम्ही बरोबर पाहिलं होतं. खूण चुकीची होती. चेंबर दुसऱ्यांदा कापल्यावर ती मी बदलली नव्हती. तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी कानशीने ती पुसली आणि वर दुसरी पाडली. साहेबांनी तुमच्या हातात दिली ती काडी मी बदललेली होती. तुम्ही दाराशी उभे होतात तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी बोललो नाही.

डॉक्टरसाहेब आता नाहीत. त्यांच्या मुलाला मी असंच पत्र लिहिलं आहे. रफीकभाईंना शेडवर जाऊन सांगितलं. रविवारी मारेगावला येतो आणि पानठेल्यावर सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही तिथे असलंच पाहिजे असं नाही.

चष्मा सोबत आणतो. तो वाचण्यापुरता आहे, मामा. काडी पाहायला तुम्हाला तो कधीच लागत नव्हता.

विलास