माफीचा कार्यक्रम

गाव सोडणारा माणूस काळीज मागे ठेवून निघतो. मी दोन दात ठेवले. काळीज ठेवायला सवड नव्हती. काठी तोंडावर बसली तेव्हा मी पळत होतो.

पाड्यावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे सुरत-पुणे गाठलेल्यांनो, ती सकाळ तुम्हाला सांगायला नको. आपल्या मुलांसाठी लिहितो. सातपुड्यातली आपली वस्ती बेकायदा ठरली होती. खाकीतली माणसं जेसीबी घेऊन आली. आधी कुडाच्या भिंती पाडल्या, मग कणगीतल्या ज्वारीवर रॉकेल ओतलं. माझा भाऊ गुलाब कणगीला मिठी मारून उभा राहिला. एकाने त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घातला. दुसऱ्यांदा घातला तेव्हा तो पडलेला होता. तिसऱ्यांदा का घातला, ते कळलं नाही. आई त्याचं डोकं दोन्ही हातांनी आवळून बसली, तडकलेलं मडकं धरून ठेवावं तशी. बोटांतून रक्त गळत होतं. माझ्यावर ओरडली, "तू पळ!" एवढाच माझा निरोपसमारंभ.

मग वसतिगृह, ग्रंथालयशास्त्राची पदवी, आणि दोहा. सुरुवातीची वर्षं तिथल्या नजमा भागातल्या बॅचलर खोलीत काढली. आता एका परदेशी कॉलेजची लायब्ररी सांभाळतो. फ्लॅट आहे, एसी आहे, इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी आहे. ती आजीला फोनवर 'हाय' म्हणते, आजी तिला आपल्या बोलीत मनसोक्त शिव्या घालते. दोघी खूश.

आपल्या पाड्याची रीत मुलीला कधी सांगितली नव्हती. माणूस मारला गेला तर मारणाऱ्याने त्याच्या घरासमोर येऊन जमिनीवर बसायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं: कशाने मारलं, कुठे मारलं, किती वेळा. तोवर सुतक सुटत नाही. मेलेल्याची आई अंगावर चांदी घालत नाही, लग्नात नाचत नाही. आमच्या आईचा गळा अजून मोकळा आहे. बंदूकवाल्याचं नावही आम्हाला कधी कळलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आई आमच्याकडे आली, आणि त्याच आठवड्यात कॉलेजात मूलनिवासींचे हक्क आणि समेट या विषयावर व्याख्यान ठरलं. पाहुणे फार लांबून आले होते. आरंभी त्यांनी, आपण उभे आहोत त्या भूमीच्या आद्य रक्षकांना वंदन केलं. ती भूमी समुद्रात भराव टाकून काढलेली आहे. आद्य रक्षक बहुधा मासे असावेत.

मला स्टेजवर बसवलं होतं. लायब्रेरियन म्हणून नव्हे, 'जिवंत अनुभव' म्हणून. आईला सोबत हवी म्हणून खाली प्रेक्षकांत तिच्या शेजारी सलीमभाईंना बसवलं. सलीमभाई रत्नागिरीचे, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका ऑफिसात क्लार्क, स्वभावाने लोणी. त्यांची मुलगी आमच्या कॉलेजात शिकते.

शेवटी पाहुण्यांनी सगळ्यांना एक कृती करायला सांगितली. शेजाऱ्याचा हात हातात घ्या, डोळ्यांत बघा, आणि इतिहासाच्या वतीने आपापल्या भाषेत क्षमा मागा. सभागृह गुणगुणू लागलं. सलीमभाईंनी आईचा हात धरला.

"मावशी, माफ करा."

आईने त्यांना नीट न्याहाळलं. "तू होतास?"

सलीमभाईंना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. "होय मावशी. आम्ही सगळेच."

पुढच्या क्षणी त्यांचा चष्मा दोन रांगा पुढे जाऊन पडला. आईने दुसरा फटका नाकावर मारला, कॉलर धरून त्यांना खुर्चीतून खाली ओढलं आणि छातीवर गुडघा रोवला. नाकातून आलेलं रक्त तिच्या लुगड्यावर उडालं.

"खाली बस! सांग! का मारलंस पडलेल्याला?"

"अरे कोणी सोडवा, यल्ला, लवकर! मावशी, मी न्हवं गो! मी रत्नागिरीचा! आमच्या अब्बांनी कोंबडी पन कधी सोता कापली नाय!"

"मग माफी कशाची मागितलीस?"

मागच्या रांगेत काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते नाट्यरूपांतर वाटलं.

मी स्टेजवरून उडी मारली. आईची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. गार्ड धावत आले. मी तिच्या कानात आपल्या बोलीत सांगितलं, हा तो नाही. तिचा हात एकदम सैल पडला. ते मारामारीपेक्षा वाईट होतं.

सलीमभाई नाकाला रुमाल लावून गालिच्यावरच बसून राहिले. म्हणाले, "तिला सांग, मी बसतो थोडा वेळ. तिला बरं वाटत असेल तर."

आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ बाळा. ते तुझं काम नाही."

गाडीत ती म्हणाली, "मला घरी पाठव."

"इथे काय कमी आहे, आई?"

"मी इथे बसले, आणि तो तिथे आला तर? कोणासमोर बसेल?"

परदेशात राहणाऱ्याने घराच्या व्याख्या जमवायच्या असतात. मीही पुस्तकांतून बऱ्याच जमवल्या. भाषा, चव, आठवणी वगैरे. आईची व्याख्या त्यांपैकी एकाही पुस्तकात नाही. ज्याने मारलं तो जिथे आपल्याला शोधत येईल, ते घर. मी तिचं तिकीट काढलं.

वस्ती पाडल्यापासून ती डोंगराखाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत राहायची, तिथे आता राहत नाही म्हणते. वर, जुन्या जागीच बसणार. म्हणून ती जागा मी मोबाईलवर शोधून पाहिली. तिथे आता पर्यटकांसाठी तंबू आहेत. चेक-इन दुपारी दोननंतर.