थोरल्यांच्या तोंडचं बोलणं

तेवीस वर्षं एक नामांकित गुंड एका साध्या बाईच्या हातून बोलत होता, आणि त्या बाईने उभ्या जन्मात कोणाला चापटसुद्धा मारली नव्हती.

बाई चित्रकथांच्या एका साप्ताहिकात अक्षरं काढायची. कचेरीत तिला सगळे अक्षरबाई म्हणत. दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ तिचं उतरतं टेबल होतं. टेबलावर काळ्या शाईची दौत, चार निबा, चूक झाकायला सफेद्याची बाटली आणि निबा पुसायला जुन्या चादरीचा तुकडा. चित्रं काढून झालेलं पान तिच्याकडे यायचं. त्यावर प्रत्येक माणसाच्या तोंडाजवळ एकेक रिकामा फुगा असायचा, आणि त्या फुग्यात त्या माणसाचं बोलणं तिने हाताने उतरवायचं.

कथा एका वीराची होती. अंगात वीज खेळणारा, छपरावरून छपरावर उड्या मारणारा, तोंडावर मुखवटा. पण बाईला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तो बोलायचाच कमी, आणि बोलला तर सूचनाफलकासारखा. तिचा जीव होता थोरल्यांवर. थोरले म्हणजे शहरातल्या सगळ्या टोळ्यांचे म्होरके. अंगाने अवाढव्य, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, चालणं सावकाश. गोदीतला चोरटा माल त्यांचा, जुगाराचे अड्डे त्यांचे, अर्धे पोलीस त्यांचे. त्यांनी भुवई हलवली की कुठेतरी एखादा माणूस नाहीसा व्हायचा.

आता हा माणूस बाईच्या हातात कसा आला ते सांगायला हवं.

चित्रकार जागेच्या बाबतीत भलताच कंजूष. आपलं चित्र झाकलं जाईल म्हणून फुगा काढायचा लिंबाएवढा. कथाकाराचं उलटं. एकदा सुरू झाला की त्याचं पेन थांबायचं नाव घ्यायचं नाही. या दोघांच्या मधे बाई. लिंबात कलिंगड कोंबायचं काम तिचं. मग ती शब्द कापायची. कथाकाराला विचारायला वेळ नसायचा, कारण तोवर छपाईवाला जिन्यात येऊन उभा असायचा.

पहिल्या वर्षीची गोष्ट. थोरल्यांनी एका फितूर पहारेकऱ्याला पकडून आणलं होतं. कथाकाराने थोरल्यांच्या तोंडी सात ओळी घातल्या होत्या. हाडांचा चुरा, समुद्राचा तळ, सात पिढ्या, सगळं त्यात आलं होतं. फुग्यात जागा दहा शब्दांची. बाईने निब शाईत बुडवली आणि तिला तिचा नवरा आठवला.

नवरा मालधक्क्यावर हमालांचा मुकादम होता. दारातून आत येताना जरा तिरका व्हावा लागेल एवढा देह, आणि आवाज मात्र झोपलेल्या पोराला उचलावं तसा हलका. त्याच आठवड्यात त्याच्या हाताखालच्या एकाने कापडाचा तागा लपवला होता. मुकादमाने त्याला खोलीत बोलावलं आणि म्हणाला, "बस. आधी पाणी पी. घरी कोण कोण असतं तुझ्या?" एवढ्यावर तो गडी ढसाढसा रडला आणि तागा परत आणून ठेवला.

बाईने हेच शब्द जसेच्या तसे थोरल्यांच्या फुग्यात बसवले.

मुकादमाच्या तोंडी जी माया होती, तीच थोरल्यांच्या तोंडी ऐकून वाचणाऱ्यांच्या पाठीतून थंडी गेली. पत्रांचा ढीग पडला. एकाने लिहिलं, माझे सासरे मला नेहमी बस, पाणी पी म्हणतात, परवापासून मी त्यांच्याकडे जाणं सोडलं आहे. कथाकार चहा पिताना खुर्चीला रेलून म्हणाला, "कधी कधी माझ्या लेखणीतून असं काही उतरून जातं." बाईने निब पुसली. तिला वादात पडायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला मजा वाटली होती.

तेव्हापासून ते सुरूच राहिलं. मुकादम घरी जे बोलायचा ते आठ-पंधरा दिवसांत थोरले बोलायचे. मुकादमाला ते ठाऊक होतं. गुरुवारी अंक घरी यायचा, तो चष्मा लावून वाचायचा आणि बोट ठेवायचा.

"हे मी तुझ्या भावाला म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

"आणि इथं ते म्हणून झाल्यावर माणसाला पुलावरून ढकललाय."

"ढकलणं कथाकाराचं. बोलणं तेवढं तुमचं."

"नवऱ्याचे शब्द चोरून गुंडाला देतेस. तुला लाज कशी नाही?"

"त्याला शोभतात हो. तुमच्या अंगावर नुसते वाया जातात."

मुकादम हसायचा. हसताना त्याचं पोट आधी हलायचं आणि आवाज मागाहून यायचा. त्या घरात बोलणारा तो आणि ऐकणारी ती, असंच पहिल्यापासून होतं. बाई दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून इतकी दमायची की स्वतःचं बोलणं तिच्या तोंडी फार कमी यायचं. आणि कोणाला त्याची उणीवही भासायची नाही, कारण मुकादम दोघांपुरतं बोलत असे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता मुकादमाच्या डोक्यातली शीर फुटली. हॉस्पिटलात महिना गेला. पाय सुधारला, हातही बराच वळू लागला. बोलणं तेवढं परतलं नाही. त्याला सगळं कळायचं, समजायचं, पण शब्द ओठापर्यंत येईपर्यंत कुठेतरी गळून पडायचा. हातात उरला एकच शब्द, "ते". पाणी हवं तरी ते. खिडकी लावायची तरी ते. लेकीचा राग आला तरी ते, फक्त जरा मोठ्याने.

लेक जवळच राहायची. रोज सकाळी कामावर जाण्याआधी येऊन बापासमोर चित्रांची कार्डं मांडायची. कप, दार, बूट, दिवा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला व्यायाम होता तो.

"म्हणा बाबा, दार."

"ते."

"नाही, दा... ओठ बघा माझे. दा... र."

मुकादमाच्या कपाळावर घाम यायचा. लेकीच्याही यायचा. संध्याकाळी बाई घरी आली की तीही विचारायची, "आज काही म्हणालात? मला म्हणून दाखवा की."

आणि कचेरीत मात्र मुकादम पूर्वीसारखाच बोलत होता. बाई टेबलाशी बसून आठवायची, अमक्या वेळी काय म्हणाले होते, तमक्याला कसं समजावलं होतं. आठवेल ते एका वहीत टिपून ठेवायची आणि जपून जपून थोरल्यांच्या तोंडी घालायची. गुरुवारी अंक आला की थोरल्यांचे फुगे नवऱ्याला वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा. साऱ्या जगात मुकादमाचं बोलणं अजून चालू असलेली ती एकच जागा होती, आणि तिची किल्ली बाईकडे होती.

या वर्षी साप्ताहिकाला नवा संपादक मिळाला. वयाने तिच्या लेकीएवढा. मनाचा चांगला, पण पायाला चाकं लावल्यासारखा घाईचा. सोमवारी सकाळी तो बाईच्या टेबलाशी आला आणि पडदे बदलायचेत म्हणावं तशा सुरात म्हणाला, "बाई, थोरल्यांना मारायचंय."

बाईचा हात थांबला. "कधी?"

"याच अंकात. पान तयार झालंय."

"तुरुंगात घाला की हवं तर."

"तीनदा घालून झाले. दर वेळी दोन किलो वाढून बाहेर येतात."

"मग परगावी पाठवा. हवापालटाला."

"बाई, एवढं मनाला काय लावून घेताय? गुंड आहे तो. शे-दोनशे माणसं मारलीत त्याने."

"मारली असतील," बाई म्हणाली. "पण कोणाशी कधी वाईट बोलला नाही."

संपादक हसला, आणि तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. पान टेबलावर ठेवून तो जरा हळू म्हणाला, "ठरलंय ते आता. पण त्यांचं शेवटचं वाक्य तुम्ही बसवा. कथाकारांनी अकरा ओळी दिल्यात आणि फुगा हा एवढा. उद्या दुपारी पान छापायला जाईल."

बाईने पान पाहिलं. गोदामाच्या पायऱ्या. थोरले आडवे पडलेले, मफलर सुटलेला. त्यांचा म्हातारा गाडीवान, जो वर्षानुवर्षं चित्राच्या कोपऱ्यात गाडीचं दार धरून मुकाट उभा असायचा, तो खाली बसला होता आणि त्याने थोरल्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. वर एकच फुगा, सात-आठ शब्दांचा.

तिने वही काढली. पानांमागून पानं उलटली. मुकादमाची सगळी वाक्यं कोणाला तरी घरी पाठवणारी, बसवणारी, जेवायला वाढणारी. मरताना म्हणायचं वाक्य त्यात एकही नव्हतं. असणार कसं? तो मेला नव्हता. हे एक वाक्य चुकीचं पडलं, तर मुकादम जगात शेवटचं जे बोलणार तेच खोटं ठरणार होतं.

पान घरी न्यायची कचेरीत मुभा नव्हती. बाईने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. दोन पुठ्ठ्यांच्या मधे पान घातलं, दौत, निबा, सफेदा आणि वही पिशवीत टाकली आणि भर दुपारी घर गाठलं.

मुकादम स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. लेक दुपारच्या सुट्टीत आली होती, ओट्याशी भांडी पुसत होती.

"आई, तू या वेळी? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? काम आणलंय घरी."

तिने टेबल दोनदा पुसलं, पान मांडलं आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. थोरले जाणार. हे शेवटचं. मग त्याच्या चेहऱ्याजवळ वाकून म्हणाली, "आता तुम्हीच सांगा. काय म्हणाल इथं?"

मुकादमाने पान जवळ ओढलं. बराच वेळ पाहत राहिला. मग बोट टेकवलं ते गाडीवानावर.

"ते."

"तो नाही हो. हे बघा, हे थोरले. फुगा त्यांचा आहे."

"ते," मुकादम म्हणाला आणि बोट तिथेच ठेवलं.

"बाबांना नीट दिसत नसेल," लेक म्हणाली. "चष्मा कुठाय?"

चष्मा आला. तो त्याने बाजूला सारला. प्रत्येक फुग्याला एक शेपूट असतं, ते ज्याच्या तोंडाकडे वळतं त्याचं ते बोलणं. मुकादमाने आपला जाडजूड अंगठा त्या शेपटावर ठेवला आणि ते झाकून टाकलं. अंगठ्याखाली थोरल्यांचं तोंडही गेलं. मग त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं. दिवसभर पोती वाहिलेला माणूस संध्याकाळी पायरीवर बसून बघतो, तसं होतं.

बाई खुर्चीवर बसली.

दोन वर्षं या माणसाला रोज कोणीतरी म्हणत होतं, बोला. सकाळी लेक, आठवड्यातून दोनदा डॉक्टरीणबाई, संध्याकाळी ती स्वतः. आणि उरलेला दिवस ती त्याचे जुने शब्द उकरून काढत होती, जणू तो घरात बसलेलाच नाही. या दोन वर्षांत त्याच्याकडून शब्द मागण्यापलीकडे कोणी त्याच्याशी चार गोष्टी बोललं होतं का? तिला आठवेना. तिने तर नाहीच.

"आई, काय झालं?" लेकीने विचारलं.

"काही नाही. त्यांचं बरोबर आहे. शेपूट चुकलंय."

तिने सफेद्याची बाटली उघडली. थोरल्यांकडे गेलेलं शेपूट पुसलं, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि बारीक निबेने नवं शेपूट गाडीवानाच्या तोंडाकडे वळवलं. वही मिटलेलीच होती. आता जे लिहायचं ते त्या वहीत नव्हतंच, ते मुकादम कधी बोललाच नव्हता. बाईने निब बुडवली. दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई गाळली आणि लिहिलं:

"मी आहे इथं. तुम्ही दमलात, बोलू नका."

सात शब्द. फुग्यात नीट बसले.

लिहून झाल्यावर तिने पान त्याच्यापुढे फिरवलं आणि वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मुकादमाने डोळे मिटले नाहीत. तो तिच्याकडेच बघत होता. लेक पाठमोरी होऊन एकच ताटली पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी संपादकाने पान हातात घेतलं.

"हे तर मूळ लिखाणात नाही."

"नाही."

"थोरले काहीच बोलत नाहीत?"

"नाही."

"आणि हा गाडीवान? हा तर इतक्या वर्षांत एक अक्षर बोललेला नाही."

"म्हणूनच," बाई म्हणाली.

संपादकाची घाई जरा वेळ कुठेतरी गेली. तो पान धरून खिडकीकडे वळला. "कथाकार ओरडतील."

"ओरडू देत. दोन दिवसांत त्यांना ते आपलंच वाटायला लागेल."

पान छापायला गेलं. थोरले गेले.

बाई त्या संध्याकाळी घरी निघाली तेव्हा तिला वाटलं होतं, पाय जड होतील. झाले थोडेसे. मुकादमाचा आवाज आता कुठेच नव्हता, ते खरंच होतं, आणि पुढच्या गुरुवारी ते टोचणारच होतं. पण दारात चप्पल काढताना तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. आत जाऊन खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसली आणि म्हणाली, "अहो, आज काय झालं माहितीय? आमच्या कचेरीखालचा शिंपी. त्याने एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या."

मुकादमाने मान तिरकी केली.

"वकील म्हणतो, मी घालू कसा? शिंपी म्हणतो, साहेब, घालून तर बघा, अंगात घातला की सरळ होईल. आणि त्याने घातला हो. भर रस्त्यात. एक हात असा पुढे अन् दुसरा असा पाठीकडे."

तिने उठून हात करून दाखवला. तिला वाटलं नव्हतं आपल्याला इतकं बोलता येतं. मुकादमाचं पोट हलायला लागलं. आत भात करपत होता, लेक ओरडून सांगत होती, पण बाईची गोष्ट अजून संपली नव्हती, आणि मुकादमाने ऐकू यावं म्हणून आपली खुर्ची जरा पुढे सरकवली होती.