पुट्टीखालचा पत्रा

अण्णाने नवीन गाडी घेतली तेव्हा जुनी मला दिली. तो माझा सख्खा मोठा भाऊ. आम्ही निपाणीकडचे, दोघंही नोकरीसाठी बेंगळूरला आलेलो. मी आनेकलच्या एका कारखान्यात माल तपासते. दोन बस बदलून जावं लागायचं, त्यामुळे गाडी मिळाली तेव्हा मला भावाचं फार कौतुक वाटलं होतं.

दोन वर्षांत डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर रंगाला फोड आले. नखाने दाबलं की आतून कुरकुर ऐकू यायची. गॅरेजवाला म्हणाला, आठ दिवस गाडी ठेवून जा. ते जमणारं नव्हतं. बेंगळूरच्याच शिवाजीनगरहून छोटा ग्राइंडर, तारेचा ब्रश आणि प्रायमरचा डबा आणला आणि एका रविवारी सकाळी घरासमोरच कामाला लागले.

वहिनी जेवणाचा डबा घेऊन आली होती. डावा पाय लांब करून ती पायरीवर बसली. तीन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली होती, तेव्हापासून तो गुडघा पुरता दुमडत नव्हता. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं. मी तर तेव्हा तिला बाथरूमसाठी रबरी चटईसुद्धा नेऊन दिली होती.

ग्राइंडर चालू केला. गंजाची लाल पूड चष्म्यावर बसली, दातांत गेली. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. कारखान्यात मान खाली घालून वावरणारी मी ते किंचाळणारं यंत्र दोन्ही हातांनी पत्र्यात रेटत होते. मग लाल पूड थांबली आणि पांढरी धूळ उडायला लागली. पुट्टी होती, बोटभर जाड. हातोडीने ठोकली तशी तिची ढेकळं पडली आणि खाली चेचलेला, कसाबसा ओढून सरळ केलेला पत्रा दिसला.

"वहिनी, ही गाडी कधी ठोकली होती?"

तिने लांब केलेल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ह्यांनी ठोकली. मुद्दाम."

मी ग्राइंडरची पिन काढली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. एका लग्नाहून परत येताना दोघांचं वाजलं होतं. ती नोकरी करीन म्हणत होती. तो म्हणाला, गप्प बस, नाहीतर भिंतीवर घालतो. ती गप्प बसली नाही. त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, तिच्या बाजूला. गुडघा डॅशबोर्डवर आदळून फुटला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिच्याआधी तोच बोलला, बाथरूममध्ये घसरली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांची बहीण."

तासाभराने अण्णा तिला न्यायला आला. उघडा पत्रा बघून म्हणाला, "हे कशाला उकरत बसलीस? कुठंतरी स्वल्प, थोडीशी घासली होती."

"हिचा गुडघापण स्वल्पच घासला का?"

त्याने वहिनीकडे पाहिलं. मग तिचं मनगट धरून ओढलं. ती त्याच गुडघ्यावर पडली आणि ओरडली. मी मध्ये शिरले तर उलट्या हाताची माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला, तोंडात रक्त आलं. त्याने पुन्हा हात उचलला, या वेळी तिच्यावर. पुट्टी फोडायची हातोडी पायाशीच पडली होती. मी ती उचलून त्याच्या हातावर मारली. हाड मोडल्याचं ऐकू आलं.

तो खाली बसला. मी पुन्हा हातोडी वर नेली. तेव्हा त्याची काहीच भीती राहिली नव्हती, तरी मला मारायचं होतं. डोक्यातच मारायचं होतं. वहिनी फरशीवरून सरकत आली आणि तिने माझा पाय घट्ट धरला. "पुरे," ती म्हणाली. मी थांबले. ती नसती तर थांबले असते असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वरचे घरमालक धावत आले. त्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी आईचा फोन आला. "सख्ख्या भावाचा हात मोडलास?" एवढंच विचारून तिने फोन ठेवला.

वहिनी माझ्याकडेच राहिली. दोन दिवसांनी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिने गाडीचं सांगितलं, मी हातोडीचंही सांगितलं. त्यालाही बोलावलं होतं. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. जबाबावर डाव्या हाताने सही करायची होती आणि टेबलावरचा कागद सारखा सरकत होता. त्याने लहानपणापासूनच्या सवयीने माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन कागद धरला.