ट्रकच्या डाव्या अंगाला

इंडोनेशियातल्या जावा बेटावर, बांतुलकडून योग्या शहरात कामाला जाणाऱ्या बायकांच्या सायकलींचा तांडा रोज उजाडताना निघायचा, आणि त्यात वागियेम नेहमी पुढे असायची. शहरातल्या एका बातिकच्या कारखान्यात ती कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची. हात स्थिर, आवाज खणखणीत. लग्नाआधीपासून हाच रस्ता, त्यामुळे त्यातला खड्डा न् खड्डा तिच्या ओळखीचा होता.

पण त्या वर्षी मोठ्या चौकात तिच्या डोळ्यांदेखत पोनिराला ट्रकने उडवलं. पोनिरा तिची शेजारीण, बाजारात तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी. सगळ्याजणी सिग्नलला थांबल्या होत्या, रस्त्याच्या अगदी कडेला, वाळूच्या ट्रकला खेटून. ट्रक डावीकडे वळला आणि पोनिरा सायकलीसकट त्याच्या चाकाकडे ओढली गेली. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं.

लोक म्हणाले, ड्रायव्हर माजलेत. वागियेमच्या नवऱ्याचं, सुगिमानचं, म्हणणं वेगळंच. "अगं, आणखी कडेने चालवत जा. गटाराला चिकटून."

वागियेमला ते पटेना. पोनिरा कडेलाच तर होती. काही दिवस ती मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेली, पण डोक्यातून तो ट्रक जाईना. इतक्या जवळची बाई त्या माणसाला दिसली कशी नाही?

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी दोघी मैत्रिणींना आणि त्यांच्या सायकलींना घेऊन ती नदीकाठी वाळूचे ट्रक उभे राहतात तिथे गेली. टपरीवर जुमादी नावाचा एक वयस्क ड्रायव्हर कॉफी पीत बसला होता. अपघातातला ड्रायव्हर हा नव्हे, तो केव्हाच गाव सोडून गेला होता. वागियेमने जुमादीला सरळ विचारलं, तुमच्या जागेवर मला घटकाभर बसू द्याल का? टपरीवरची माणसं हसली. जुमादीही हसला, पण तिकडे मोठ्या बाईला म्हणतात तसं 'बू' म्हणत त्याने दार उघडून दिलं. "बसा, बू. फक्त कशाला हात लावू नका. ट्रक निघाला तर मलाच पळावं लागेल."

ती वर चढली. एवढ्या उंचीवरून समोरचा रस्ता कसा लख्ख दिसत होता! तिने मैत्रिणींना सांगितलं, सिग्नलला थांबतो तशाच डावीकडे उभ्या राहा. मग तिने डाव्या आरशात पाहिलं. ट्रकचा पत्रा आणि मागची केळीची झाडं. खिडकीतून पाहिलं, तर नुसती पलीकडची टपरी.

"अगं, उभ्या राहा ना," ती ओरडली.

"उभ्याच आहोत," खालून आवाज आला. "दाराला हात लागतोय माझा."

वागियेमने पुन्हा आरशात पाहिलं, तरी कोणी दिसेना. तिने जुमादीला वर बोलावलं. तो बसला, वाकला, मान वळवून पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. इतकी वर्षं ट्रक चालवला, पण खाली कोणी बोलल्याशिवाय आपल्याला कळलंही नसतं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग वागियेमकडे वळून म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही बायका मुद्दाम मध्ये घुसता."

"आणि आम्हाला वाटायचं, तुम्ही बघून न बघितल्यासारखं करता," वागियेम म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा सायकल काढली आणि तांड्याला नवी शिस्त लावली. ट्रकच्या बाजूला जायचंच नाही. थांबायचं ते त्याच्या मागे, अंतर ठेवून, आपल्या लेनच्या मधोमध. गटाराला चिकटायचं नाही, कडेपासून हातभर आत चालवायचं, म्हणजे मागचा माणूस कट मारून जाणार नाही. दोघी-दोघींनी गप्पा मारत जायचं ते गावच्या रस्त्यावर, शहरात एकीमागे एक. जुमादीने आपल्या ट्रकला खाली बघणारा एक जास्तीचा आरसा बसवला आणि इतर ड्रायव्हरांनीही तो बसवावा म्हणून त्यांच्या मागे लागला.

मधोमध थांबलेल्या बायका मोटरसायकलवाल्यांना कशा खपणार? एकाने हॉर्नवर हॉर्न दिले आणि विचारलं, "काय बू, रस्ता तुमच्या आजोबांचा का?"

"हो. तुझ्याही आजोबांचा. थांब जरा."

एवढ्यात पुढचा ट्रक डावीकडे वळला. त्याची मागची चाकं कडेच्या फरशीला घासून गेली, नेमकी जिथे पूर्वी त्या उभ्या राहायच्या तिथून. मोटरसायकलवाल्याने ते पाहिलं आणि हॉर्नवरचा अंगठा काढला.

भात कापणीनंतर पोनिरा परतली. पाय किंचित लंगडत होता, पण पेडल मारता येत होतं. चौकात ट्रकच्या मागे थांबताच तिने दोन्ही ब्रेक घट्ट आवळून धरले. वागियेमने मागे वळून पाहिलं, पण धीराचे शब्द वगैरे काही काढले नाहीत. एवढंच विचारलं, "समोरच्या ट्रकचा आरसा दिसतोय का तुला?"

"दिसतोय."

"त्यात ड्रायव्हरचं तोंड?"

पोनिरा मान तिरकी करून बघत राहिली. "दिसतंय. मिशा आहेत मेल्याला."

"मग त्यालाही तू दिसतेयस. चल."

सिग्नल सुटला. ट्रकला पुढे जाऊ देऊन सगळ्याजणी एकामागे एक चौक ओलांडून गेल्या. बाजाराच्या वळणावर पोनिराने एक हात सोडून घंटी वाजवली आणि आपल्या तेंपेच्या पाट्या घेऊन आत वळली.